तीन नावांत आपलं दुकान

रमजानमध्ये विजापूर वेशीतला बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. अत्तर, टोप्या, शेवया, बांगड्या. दुकानाला दुकान लागलेलं. पण ईदसाठी पुण्याहून आलेली सून फोनवर ‘जवळचं अत्तराचं दुकान’ शोधते, तेव्हा तिच्यापुढे आधी तीनच नावं येतात. त्यातल्या एखाद्याखाली ‘बंद आहे’ असंही लिहिलेलं असतं. दुकानदार गल्ल्यावर बसलेला आणि फोन म्हणतो बंद! नोंद करताना कुणीतरी रात्री नऊची वेळ भरली, ती तशीच राहिली. सणासुदीच्या वेगळ्या वेळा भरायची सोय तिथे आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

पूर्वी गूगल नकाशासोबत सात नावं दाखवत असे. 2015 च्या ऑगस्टमध्ये ती तीनवर आली, बाकीची एका बटणामागे गेली. या नोंदीचं नावही बदलत राहिलं : 2014 मध्ये ‘गूगल माय बिझनेस’, 2021 पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. नोंदीबरोबर मिळणारी छोटी मोफत वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाली. ज्यांनी तिचा पत्ता कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली.

मग तीन नावं कशी निवडली जातात? कंपनी स्वतः तीन गोष्टी सांगते : विचारलेल्या गोष्टीशी मेळ, विचारणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची ख्याती. म्हणून विजापूर वेशीत उभं राहून विचारलं तर एक उत्तर येतं, जुळे सोलापुरातून विचारलं तर दुसरं. अत्तर विकणाऱ्याने नोंदीत ‘जनरल स्टोअर’ लिहिलं असेल तर पहिल्याच कसोटीला तो मागे पडतो. पैसे भरून मात्र या यादीत वर जाता येत नाही. पैशाची जाहिरात वेगळी दिसते, तिच्यावर तसा शिक्का असतो. तरीही ‘कंपनीतून बोलतोय, इतके पाठवा, पहिला नंबर देतो’ असे फोन आमच्या ओळखीच्या दुकानदारांना येतात. अशा माणसाला एक रुपया देऊ नये. ‘पाच तारे द्या, सूट घ्या’ हाही नियमभंगच आहे.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती घरातून काम करणाऱ्या भगिनींची. सोलापुरात पाटी न लावता किती कामं चालतात! नवरीच्या घरी जाऊन मेहंदी काढणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या, ब्लाउज शिवून घरपोच देणाऱ्या. त्या नोंद करत नाहीत, कारण घराचा पत्ता जगाला कळेल ही भीती. ती भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करणाऱ्यांना पत्ता झाकून फक्त आपण कुठकुठल्या भागात जातो ते लिहिता येतं. वीसपर्यंत भाग देता येतात. खात्री पटवण्यासाठी बहुतेकदा कामाच्या जागेचा आणि साहित्याचा छोटा व्हिडिओ मागतात. तो लोकांना दाखवला जात नाही. नंबर मात्र घरचा देऊ नये, कामासाठी वेगळं सिम घ्यावं. आमच्या मते यात घरच्या पुरुषांनी आडवं येण्यासारखं काही नाही.

आणखी एक बाब, जिच्याकडे कुणी बघत नाही. नोंद बहुधा भाचा किंवा शेजारचा मोबाइलवाला स्वतःच्या ईमेलवर करून देतो. भाचा नोकरीला सौदीला जातो आणि किल्लीही त्याच्यासोबत जाते. मग नंबर बदलला तरी दुरुस्त करणार कोण? मालकी मागण्याचा अर्ज करता येतो, पण आधी जुन्या मालकाच्या उत्तराची वाट पाहावी लागते. त्यापेक्षा भाचा निघायच्या आधीच त्याच्याकडून आपला ईमेल मालक म्हणून जोडून घ्यावा. पाच मिनिटांचं काम आहे.