बहिर्गामी भारसंतुलन

स्थानिक जाळ्यातून बाहेर जाणारी इंटरनेट रहदारी दोन किंवा अधिक सेवापुरवठादारांच्या लाइनींवर विभागण्याच्या पद्धतीस बहिर्गामी भारसंतुलन असे म्हणतात. शाळा, ग्रंथालये, वसतिगृहे, लहान कार्यालये अशा ठिकाणी तिचा वापर होतो. हे काम सीमेवरील राउटर फायरवॉलच्या नियमांद्वारे करतो. येथे विभागणीचे एकक पॅकेट नसून जोडणी असते. त्यामुळे दोन लाइनी घेतल्याने अनेक वापरकर्त्यांना मिळणारी एकूण क्षमता वाढते. मात्र एकाच जोडणीतून उतरवल्या जाणाऱ्या फाइलचा वेग एका लाइनच्या वेगापलीकडे जात नाही.

या लेखातील विवेचन मुख्यतः लिनक्स प्रणालीस अनुसरून आहे. लिनक्सच्या गाभ्यातील नेटफिल्टर ही यंत्रणा आवृत्ती २.४ सोबत २००१ साली आली. तिचे नियम आयपीटेबल्स या साधनाने लिहिले जातात. २०१४ मधील आवृत्ती ३.१३ पासून एनएफटेबल्स हा पर्यायही उपलब्ध आहे.

जोडणी हे एकक असण्याचे कारण

प्रत्येक सेवापुरवठादार ग्राहकास स्वतःच्या संचातील आयपी पत्ता देतो. राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरील खासगी पत्ता बदलून त्या लाइनचा पत्ता घालतो. हा बदल जोडणीच्या पहिल्या पॅकेटच्या वेळी ठरतो आणि अखेरपर्यंत कायम राहतो. पुढचे पॅकेट दुसऱ्या लाइनने गेल्यास त्यावर पहिल्या पुरवठादाराचाच पत्ता असतो. आपल्या संचाबाहेरील पत्ता असलेली पॅकेट अनेक पुरवठादार अडवतात, त्यामुळे जोडणी तुटते. म्हणून एकदा निवडलेली लाइन त्या जोडणीपुरती पाळणे अनिवार्य ठरते.

नियमांची रचना

१. प्रत्येक लाइनसाठी स्वतंत्र मार्ग-सारणी तयार केली जाते व तीत त्या पुरवठादाराचे प्रवेशद्वार नोंदवले जाते.
२. नव्या जोडणीच्या पहिल्या पॅकेटवर फायरवॉल १ किंवा २ अशी अंकरूप खूण करते. ही खूण केवळ राउटरच्या आत असते. पॅकेटसोबत ती बाहेर जात नाही.
३. खूण जोडणीच्या नोंदीत साठवली जाते व स्थानिक जाळ्याकडून येणाऱ्या पुढील प्रत्येक पॅकेटवर पुन्हा लावली जाते. आयपीटेबल्समध्ये हे काम ‘कॉनमार्क’ करते.
४. खुणेनुसार कोणती मार्ग-सारणी पाहावी, हे राउटिंगच्या नियमाने ठरते.
५. बाहेर पडताना त्या-त्या लाइनचा पत्ता घातला जातो.

खूण मार्गनिवडीपूर्वी लागणे आवश्यक असल्याने हे नियम मँगल सारणीच्या ‘प्रीराउटिंग’ साखळीत लिहितात.

विभागणीचे प्रमाण

खूण निवडण्यासाठी यादृच्छिक संभाव्यता किंवा आळीपाळीची पद्धत वापरतात. एक लाइन १०० व दुसरी ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची असल्यास पहिल्या लाइनच्या नियमास २/३ संभाव्यता देतात आणि उरलेल्या जोडण्या दुसरीकडे जातात. नियम क्रमाने तपासले जात असल्याने तीन समान लाइनींसाठी संभाव्यता अनुक्रमे १/३, १/२ व १ अशी ठेवावी लागते. तिन्ही ठिकाणी १/३ लिहिल्यास ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के जोडण्या खुणेविना राहतात.

मोजणी जोडण्यांची होत असल्याने डेटाचे प्रमाण तंतोतंत जुळतेच असे नाही. एक मोठी फाइल आणि एक छोटे पान या दोन्हींची गणना प्रत्येकी एक जोडणी अशीच होते.

सामान्य अडचणी

* उलटमार्ग तपासणी : दुसऱ्या लाइनवरून आलेले उत्तर मुख्य सारणीनुसार पहिल्या लाइनवरून यायला हवे होते, असे मानून लिनक्स ते कोणतीही सूचना न देता टाकून देऊ शकते. अशा वेळी ‘आरपी_फिल्टर’चे मूल्य कडक तपासणीच्या १ ऐवजी शिथिल तपासणीचे २ ठेवतात.
* स्थानिक मार्ग नसणे : बाहेरून आलेल्या उत्तरावरही खूण लावली आणि त्या मार्ग-सारणीत स्थानिक जाळ्याचा मार्ग नसला, तर उत्तर पुन्हा बाहेरच पाठवले जाते. खूण केवळ आतील बाजूने आलेल्या पॅकेटवर लावणे हा त्यावरील सोपा उपाय होय.
* सत्र तुटणे : काही संकेतस्थळे, विशेषतः बँकांची, लॉगिन आयपी पत्त्याशी बांधतात. एकाच वापरकर्त्याच्या दोन जोडण्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून आल्यास सत्र रद्द होऊ शकते. त्यामुळे एका संगणकाच्या सर्व जोडण्या एकाच लाइनवर ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. ओपनबीएसडीच्या पीएफ या फायरवॉलमध्ये त्यासाठी ‘स्टिकी-ॲड्रेस’ हा पर्याय आहे.

मर्यादा

लाइन बंद पडल्याचे या नियमांना आपोआप कळत नाही. तसे झाल्यास त्या लाइनच्या वाट्याच्या नव्या जोडण्या अयशस्वी होत राहतात. त्यासाठी प्रत्येक लाइनवरून दूरच्या यंत्रास ठरावीक अंतराने पिंग करून, उत्तर न आल्यास ती लाइन वगळणारी वेगळी व्यवस्था लागते. तिच्यावरील चालू जोडण्या मात्र पत्ता बदलल्याने नव्याने सुरू कराव्या लागतात. तसेच बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या कोणत्या लाइनने येतील, हे या पद्धतीने ठरवता येत नाही. त्यासाठी मोठ्या संस्था स्वतःचे आयपी पत्ते घेऊन बीजीपी या राउटिंग नियमावलीचा अवलंब करतात.