अलावेर्दीचं चर्च आणि गोव्यातला हात

तेलावी (जॉर्जिया) : इथून अलाझानी नदीच्या खोऱ्यात उतरलं की द्राक्षमळ्यांपलीकडे, कॉकेशसच्या पायथ्याशी एकच उंच इमारत नजरेत भरते. हे अलावेर्दीचं सेंट जॉर्ज कॅथेड्रल. काखेतीचा, म्हणजे या प्रदेशाचा, राजा क्विरिके तिसरा याने ते अकराव्या शतकात बांधलं. उंची पन्नास मीटरांहून अधिक. २००४ साली राजधानी तिबिलिसीत सामेबा कॅथेड्रल झालं, तोवर देशात याहून उंच चर्च नव्हतं.

जॉर्जियातल्या इतर मोठ्या चर्चच्या भिंतींवर वेली, प्राणी, देवदूत कोरलेले दिसतात. इथे दगड जवळजवळ कोरा, फक्त भिंतीला चिकटलेल्या अरुंद, उंच कमानी. आत पाऊल टाकलं की या साधेपणामागचा विचार उमगतो. तीन बाजूंना अर्धगोल दालनं, मधोमध घुमट आणि सगळी रचना नजर वर नेणारी. बसायला बाकं नाहीत. ऑर्थोडॉक्स प्रार्थना उभ्यानेच होते. रशियन साम्राज्याच्या काळात भित्तिचित्रांवर चुना फासला गेला. विसाव्या शतकात तो उतरवला, तेव्हा पूर्वेच्या अर्धगोलातली, बाळ येशूला घेतलेली मरियम पुन्हा दिसू लागली. रंग ठिकठिकाणी उडालेत, पण चेहऱ्यावरचं गांभीर्य शाबूत आहे. १७४२च्या भूकंपात चर्चचं मोठं नुकसान झालं. नंतरच्या दुरुस्तीतलं विटांचं काम आजही ओळखू येतं. मठातले साधू जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत, म्हणजे क्वेव्रीत, अजून वाइन करतात.

आपल्याला हे चर्च परकं वाटू नये, याला कारण काखेतीची राणी केतेवान. इराणचा शाह अब्बास याच्या कैदेत तिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले. काही तिच्या मुलाकडे, राजा तैमुराझकडे पोचले आणि अलावेर्दीत पुरले गेले, असं इथे सांगतात. उजवा हात गेला जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये. त्या चर्चच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि २०२१ साली भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. माझ्या मते दोन देशांमधली एवढी सुंदर भेट क्वचितच कुणी दिली असेल.

जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जीझस चर्च पाहून परत फिरू नका. समोरच्या टेकडीवर ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे, तिथवर नक्की चढून जा.