पाठाचा आराखडा फळ्यावर

चौथीतील एखादा मुलगा शिवाजी महाराजांच्या आग्ऱ्याहून सुटकेचा पाठ घडाघडा वाचतो. पेटाऱ्यांची हकीकत तर त्यास मुखोद्गत असते. परंतु महाराज मुळात आग्ऱ्यास गेले कशासाठी, असे विचारताच तो पुस्तकातील भलतेच वाक्य म्हणून दाखवितो. त्याचे वाचन उत्तम आहे असा सर्वांचा समज असतो. म्हणूनच त्याची उणीव वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अर्थाचा हा निसटलेला धागा डोळ्यांना दिसेल असा मांडता येतो. पाठ वाचून झाल्यावर पुस्तके मिटावयास सांगावीत. मुले सांगतील ते प्रसंग शिक्षकांनी फळ्यावर चौकटींत थोडक्यात लिहावेत : मिर्झाराजे जयसिंगांची स्वारी, पुरंदरचा वेढा, १६६५ चा तह व २३ किल्ले, १६६६ मधील आग्ऱ्याची भेट, दरबारातील अपमान, नजरकैद, सुटका.

नंतर चौकटी बाणांनी जोडाव्यात. खरे काम येथेच आहे. नुसता बाण पुरेसा नाही. त्यावर ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्यानंतर’ यांपैकी कोणता शब्द बसतो, हे मुलांनी ठरवावे. तह झाला, त्यानंतर महाराज गेले, असे एक म्हणेल. जयसिंगांनी सुरक्षिततेची हमी देऊन आग्रह धरला म्हणून गेले, असे दुसरा म्हणेल. दोघांच्या आकलनातील अंतर त्या एका शब्दाने उघड होते. वाद झाल्यास पुस्तक उघडून आधार शोधावा. हे दुसरे वाचन पहिल्याहून अधिक मोलाचे असते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९७२ साली जोसेफ नोव्हाक व त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानविषयक समज अभ्यासत होते. त्यातून निघालेल्या संकल्पना-नकाशातही जोडरेषेवर शब्द लिहावा लागतो. पुढे २००० साली त्या देशाच्या राष्ट्रीय वाचन समितीने आकलनवाढीच्या उपयुक्त उपायांत अशा आकृत्यांचा समावेश केला.

वर्णनपर पाठास बाणांची साखळी शोभत नाही. तेथे मध्ये विषय व भोवती फांद्या काढाव्यात. कवितेच्या वाटेस मात्र या चौकटी घेऊन जाऊ नये. तसेच तयार आराखडा मुलांकडून वहीत उतरवून घेणे हे निव्वळ शुद्धलेखन होय. त्याने आकलन वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी एखादी चौकट पुसून ठेवावी व घडाघडा वाचणाऱ्या त्याच मुलास फळ्यापाशी बोलवावे. चौकटींवर बोट ठेवीत त्याने हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगावी. ज्या बाणापाशी तो थांबेल, तेथूनच त्याचे पुढील वाचन सुरू करावे.