रिकामे व्यापारी संकुल आणि वैद्यांचे सामुदायिक चिकित्सालय

गेल्या काही वर्षांत आम्हां वैद्यमंडळींच्या बैठकींत एक विषय वारंवार निघू लागला आहे. गावात एखादे मोठे व्यापारी संकुल उभे राहते. तळमजल्याचे गाळे हातोहात जातात, पहिल्या मजल्यावर चार-दोन कार्यालये येतात आणि त्यावरचे मजले वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात. मग जागामालक वैद्यांना व औषध विक्रेत्यांना निरोप धाडतो : "भाडे निम्मे करतो, तुम्ही सारे मिळून इथे या." प्रस्ताव मोहात पाडणारा असतो. तो स्वीकारावा की नाही, आणि स्वीकारल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रीरामपूरकरांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. आमचे गाव जुन्या राजधानीचे वा तीर्थक्षेत्राचे नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर रोड या स्थानकाभोवती, प्रवरेच्या कालव्यांच्या पाण्यावर पिकलेल्या ऊस-धान्याच्या व्यापारातून ते वाढले. बाजारपेठ हाच त्याचा प्राण. हरेगावचा साखर कारखाना बंद पडल्यावर एका मोठ्या वास्तूचे व तिच्याभोवतीच्या वस्तीचे काय होते, हे या परिसराने पाहिले आहे. वास्तू रिकामी राहिली की तेवढ्यापुरते नुकसान होऊन थांबत नाही. शेजारच्या चहावाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत साऱ्यांचे गिऱ्हाईक आटते.

मोठी दुकाने रिकामी का होतात?

मोठ्या भांडवलाचे दुकान टिकतेच, हा समज आता मागे पडला आहे. सुभिक्षा या किराणा व औषधविक्री करणाऱ्या साखळीची देशभरातील सुमारे १६०० दुकाने २००९ च्या प्रारंभी बंद पडली. औषधविक्रेत्यांना त्या साखळीची धास्ती वाटत होती, हे आमच्या वाचकांना स्मरत असेल. २००१ मध्ये सुरू झालेले बिग बझार २०२२ मध्ये लयास गेले आणि त्याच्या अनेक जागा दुसऱ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेल्या. नाईट फ्रँक या संस्थेच्या २०२४ च्या अहवालाने देशातील आठ प्रमुख शहरांत ६४ मॉल जवळपास ओस असल्याचे नोंदविले. ज्यांतील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी, ते 'ओस' असा त्यांचा निकष होता.

कारणे पाहू गेल्यास घरबसल्या खरेदीकडेच बोट दाखविले जाते. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. गाळे निरनिराळ्या मालकांना विकले गेले की संकुलाची देखभाल कोणाचीच राहत नाही. उद्वाहक बंद पडतो, जिन्यातील दिवे जातात, स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि वरच्या मजल्यावर कोणी फिरकत नाही. म्हणून जागा पाहताना भाड्याचा आकडा विचारण्याआधी देखभालीची जबाबदारी कोणाची, हे विचारावे. रोगाचे नाव कळण्याआधी हेतू शोधावा, हा आपलाच शिरस्ता आहे.

पूर्वसूरींची उदाहरणे

रिकाम्या दुकानाला नवे जीवन देण्याची कल्पना नवी नाही. मुंबईत त्या काळच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, व्हाइटअवे लेडलॉ या विलायती कंपनीचे भव्य दुकान होते. साहेब लोकांचे कपडे व गृहोपयोगी वस्तू तेथे रोखीने विकल्या जात. इंग्रज गेले, तसे त्यांचे गिऱ्हाईकही गेले. पुढे त्याच वास्तूत खादी भांडार आले. विलायती मालाच्या दालनात हातसूत, मध, साबण आणि ग्रामोद्योगी वस्तू मांडल्या गेल्या आणि कित्येक दशके मुंबईकर तेथे विश्वासाने जात राहिले. या कथेचा उत्तरार्धही ध्यानी घ्यावा. १९५४ पासून हे भांडार चालविणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र खादी आयोगाने २०२२ मध्ये, अस्सल नसलेला माल खादी म्हणून विकला जात असल्याचे कारण देऊन, रद्द केले. वास्तू तीच, पाटी तीच. परंतु मालाच्या खरेपणावर शंका आली की वास्तूचे वैभव उपयोगी पडत नाही. आयुर्वेदाच्या नावाने दालन उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा धडा मनात कोरून ठेवावा.

आरोग्यसेवेपुरते पाहायचे तर अमेरिकेतील नॅशव्हिल शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथील वन हंड्रेड ओक्स हा १९६७ चा मॉल ओस पडला असता व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने त्यातील मोठी जागा घेऊन २००९ च्या सुमारास बाह्यरुग्ण विभाग सुरू केले. वरच्या मजल्यावर दवाखाने व तळमजल्यावर दुकाने अशी ती रचना होती. ती इतकी रुजली की २०२० मध्ये केंद्राने अख्खा मॉलच विकत घेतला. इंग्लंडमधील पूल या गावी एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर २०२१ मध्ये शासकीय आरोग्यसेवेने बाह्यरुग्ण तपासणी केंद्र उघडले. आपल्याकडे मे २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने दादरच्या कोहिनूर इमारतीच्या वाहनतळावर गाडीत बसल्या बसल्या लस देण्याची सोय केली होती. या तिन्ही ठिकाणी एक समान सूत्र दिसते. रुग्ण आला, तपासला गेला आणि घरी परतला. रात्रीच्या मुक्कामासाठी खाटा मांडल्या गेल्या नाहीत.

चरकाचार्यांची कसोटी

जागा निवडताना आपल्याला परक्यांकडे पाहण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय नावाच्या अध्यायात आतुरालयाची वास्तू कशी असावी हे सांगितले आहे. ती भक्कम असावी. तीत वाऱ्याचा थेट झोत नसावा, परंतु एका बाजूने हवा खेळती असावी. सहज वावरता येईल अशी ऐसपैस असावी. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपसर्ग नसावा. जलसाठा, उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानगृह आणि पाकशाळा यांची सोय असावी.

ही कसोटी रिकाम्या संकुलास लावून पाहू. भक्कमपणात ते उत्तीर्ण होते. दुकानाच्या मजल्यांची बांधणी मालाचा भार गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे द्रोणी, औषधांची कपाटे, तेलाचे डबे यांचे ओझे ते सहसा पेलते, तरी संरचना अभियंत्याचा दाखला घ्यावाच. वावरण्याची ऐसपैस जागा व वाहनतळ हीही जमेची बाजू. नेवासे, राहुरी, वैजापूरकडून येणाऱ्या वृद्ध रुग्णाला गाडी दारापर्यंत आणता येणे ही मोठी सोय आहे.

खरी अडचण हवा, पाणी आणि धूर यांत आहे. दुकान बांधणाऱ्याला भिंती मालासाठी हव्या असतात, म्हणून खिडक्या नसतात. समोर काच असते आणि आतील सारी हवा यंत्रावर अवलंबून असते. स्वेदन होऊन बाहेर आलेल्या रुग्णाच्या अंगावर वातानुकूलन यंत्राचा झोत येणे हे निवात स्थानाच्या नेमके उलट आहे. यंत्र बंद ठेवावे तर काचेमागे उकाडा होतो आणि बाष्प कोंडते. पाण्याची गत तीच. बस्ती, वमन, अभ्यंगानंतरचे स्नान यांसाठी प्रत्येक कक्षाला उतार, मोरी व स्वतंत्र निचरा हवा. दुकानाच्या सपाट फरशीखाली तो नसतो. नंतर नळ फिरवायचे म्हणजे खालच्या गाळ्याच्या छतातून ते न्यावे लागतात आणि मग गळती व भांडण दोन्ही सुरू होतात. तात्पर्य, जुन्या सांडपाण्याच्या नळापासून लांब असलेल्या जागेत पंचकर्म नको.

अग्नीचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०२१ च्या मार्च महिन्यात, २५ तारखेच्या रात्री, मुंबईतील भांडुप येथील ड्रीम्स मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर सनराइज हे रुग्णालय कोविडच्या काळात चालविले जात होते आणि सत्तरहून अधिक रुग्ण तेथे दाखल होते. आग खालच्या भागात लागली. धूर वर चढला. अनेक रुग्णांना प्राणास मुकावे लागले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी आपल्याच जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पहिली घटना मॉलमधील, दुसरी रुग्णालयाच्याच इमारतीतील. दोन्हींत झोपलेला रुग्ण स्वतः उठून बाहेर पडू शकत नव्हता.

मॉलमध्ये संकट अधिक गंभीर का ठरते, याचे कारण वास्तूच्या रचनेत आहे. मधला मोकळा चौक व सरकते जिने धुराला वर जाण्यास वाट करून देतात. खालच्या गाळ्यात कोण काय साठवतो, यावर वरच्या वैद्याचा काडीचाही अधिकार नसतो. अर्धे संकुल बंद असेल तर आपत्कालीन दारे कुलपात आणि जिन्यांत अडगळ असते. त्यात आपल्या व्यवसायाची भर : तापविलेले तेल, गॅसची शेगडी, वाफेचे यंत्र, धूपन, अग्निकर्म. तेलाने माखलेला, डोळ्यांवर पट्टी घेतलेला शिरोधारेचा रुग्ण जिन्याने किती वेळात खाली उतरेल, याचा हिशेब आपण कधी केला आहे काय?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. जागामालकाकडे पहिला कागद हा मागावा. तो नसेल तर बोलणी तेथेच थांबवावी. भाडे शून्य असले तरी.

काय करावे, काय करू नये

या विवेचनावरून आमचे मत असे बनले आहे. तळमजल्यावर औषधविक्री, पहिल्या मजल्यावर सामुदायिक बाह्यरुग्ण चिकित्सा, नाडीपरीक्षण, आहारसल्ला, योगवर्ग व व्याख्यानांसाठी दालन : एवढे रिकाम्या संकुलात उत्तम बसते. निचरा व स्वतंत्र बाहेरचा जिना असल्यास दिवसा होणारी अभ्यंगादी कर्मे पहिल्या मजल्यापर्यंत करता येतील. तेल तापविण्यास उघडी ज्योत टाळून विजेची बंद शेगडी वापरावी आणि तिच्यासाठी स्वतंत्र वायरिंग करून घ्यावे. आंतररुग्ण विभाग मात्र तेथे नको. वमन-विरेचनासारख्या कर्मांना निरीक्षण व मुक्काम लागतो. ते रुग्णालय म्हणून बांधलेल्या किंवा तसे रूपांतर करून रीतसर मंजुरी घेतलेल्या वास्तूतच व्हावे. तळघरात रुग्ण नेऊच नये.

औषधनिर्मितीचाही मोह धरू नये. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्यान्वये परवाना लागत नसला तरी निर्मितीस लागतो, आणि अनुसूची टी नुसार निर्मितीशाळेस किमान १२०० चौरस फुटांची आच्छादित जागा व प्रत्येक क्रियेस स्वतंत्र कक्ष अपेक्षित आहे. चूर्णांची धूळ, भट्टीचा धूर आणि क्वाथाची वाफ ही दुकानांच्या शेजाराला मानवणारी नाही. वनस्पतींच्या साठवणीस मात्र अंधारी, कोरडी, खिडक्या नसलेली जागा चालते; जो दोष रुग्णाला बाधतो, तो गुग्गुळ-हिरड्याला बाधत नाही. फक्त ओल आणि उंदीर यांचा बंदोबस्त हवा. शेजारी आधुनिक औषधांचे दुकान काढणाऱ्यांनी किरकोळ विक्रीच्या परवान्यास किमान १० चौरस मीटर जागा लागते, हे ध्यानी ठेवून गाळा निवडावा.

करार करताना पुढील गोष्टी कागदावर याव्यात. नगरपरिषदेची वापरबदलाची परवानगी कोण आणणार. उद्वाहक, स्वच्छतागृह व जिन्यांची देखभाल कोण करणार. जनित्राचा खर्च कसा वाटला जाणार. आपण केलेल्या मोऱ्या व भिंतींचे मोल जागा सोडताना मिळणार की नाही. आणि खालच्या गाळ्यांत फटाके, रसायने, गॅसच्या टाक्या यांचा साठा होणार नाही याची हमी. मुदत किमान पाच वर्षांची असावी. आपण पाऊलवाट पाडली, रुग्णांची वर्दळ सुरू झाली की भाडे दुप्पट मागितले जाण्याचा धोका असतो, म्हणून वाढीचा दर आधीच ठरवावा. रक्तमोक्षण, बस्ती आदी कर्मांतून निघणाऱ्या कचऱ्यास जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. संकुलाच्या सामाईक कचराकुंडीत तो टाकता येणार नाही.

शेवटी आमच्या औषध विक्रेत्या बंधूंची शंका. सारे वैद्य एका छताखाली गेले तर मेन रोडवरच्या आणि खेड्यांतल्या जुन्या दुकानांनी काय करावे? शंका रास्त आहे. एक रिकामी इमारत भरण्यासाठी दहा चालती दुकाने रिकामी करणे हा काही उपाय नव्हे. म्हणून आमची सूचना अशी की, कोणीही आपला मूळ दवाखाना बंद करू नये. सामुदायिक केंद्रात प्रत्येकाने आठवड्यातील एक-दोन ठरावीक दिवस द्यावेत, विशेष विकारांचे रुग्ण तेथे पाहावेत आणि नेहमीचा उपचार व औषध रुग्णाच्या गावच्या वैद्याकडे व दुकानाकडे चिठ्ठीसह परत पाठवावे. केंद्रातील दुकानाने गावोगावच्या विक्रेत्यांना घाऊक पुरवठा करावा. त्यांच्याशी स्पर्धा करू नये.

ज्या शाखांकडे असे प्रस्ताव आले असतील त्यांनी एक वैद्य, एक विक्रेता, एक संरचना अभियंता व एक अग्निसुरक्षेचा जाणकार अशा चौघांना सोबत घेऊन जागा दोनदा पाहावी : एकदा भर दुपारी, म्हणजे उकाडा कळेल, आणि एकदा वीज गेलेली असताना, म्हणजे जिना कळेल. दोन्ही वेळा वास्तू पसंत पडली तरच कराराचा कागद पुढे ओढावा.