सांगितलं की हलकं होतं!

बालमित्रांनो, संध्याकाळी शाळा सुटते. दप्तर खुंटीला अडकवून तुम्ही हातपाय धुता. आई विचारते, "काय झालं रे आज शाळेत?" आणि तुमचं ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही!"

खरंच काही झालेलं नसतं का? सकाळी वाटेत साप आडवा गेलेला असतो. मधल्या सुट्टीत मैत्रिणीनं बोलणं टाकलेलं असतं. गणिताच्या तासाला फळ्यापाशी बोलावलं तेव्हा पोटात गोळा आलेला असतो. एवढं सगळं घडतं आणि मनाच्या कोपऱ्यात तसंच पडून राहतं. आपल्याला वाटतं, त्यात काय सांगायचं?

तर दोस्तांनो, आज त्याविषयीच बोलू या. रोजचे साधे अनुभव कुणाला तरी सांगणं आणि दुसऱ्याचे ऐकणं, याचा आपल्या सुखाशी फार जवळचा संबंध आहे. हे समजून घ्यायला चला माझ्याबरोबर डहाणूला! मुंबईहून पश्चिम रेल्वेनं निघायचं, विरार, पालघर, बोईसर मागे टाकायचं आणि डहाणू रोडला उतरायचं. एका अंगाला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला डोंगर, भातखाचरं आणि आदिवासी पाडे. आणखी वर गेलं की गुजरातच्या सीमेला टेकलेला तलासरी तालुका. पूर्वी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते पालघरमध्ये आले.

धुळीतली चित्रं

तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली एका वारली घरात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव जिव्या. तो लहान असतानाच त्याची आई वारली. त्या दुःखाचा धक्का एवढा मोठा होता, की जिव्यानं बोलणंच सोडून दिलं. असे दिवस नव्हे, वर्षं गेली.

पण बोलणं थांबलं म्हणून सांगायचं थांबतं का? काही हवं असलं, काही सांगायचं असलं, की जिव्या खाली बसायचा आणि धुळीत चित्र काढायचा. ते चित्र हेच त्याचं बोलणं!

आता वारली चित्रांची गंमत बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झालं माणसाचं अंग! वर एक गोल म्हणजे डोकं. हातपाय म्हणजे साध्या रेघा. कुडाच्या भिंतीवर शेणमाती सारवायची, गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं त्यावर चित्र काढायचं. ही चित्रं प्रामुख्यानं बायका काढत, आणि तीही लग्नकार्यात. पालघट देवीचा चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न होत नाही.

पुढे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याला राहायला आले. ते केवळ लग्नातच नव्हे, तर एरवीही चित्रं काढू लागले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. वारल्यांच्या भिंतींवरची ही कला त्यांनी बाहेरच्या लोकांपर्यंत नेली. म्हसे यांच्या हातातली जादूही त्यांनी ओळखली. १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले, तेव्हा सगळ्या देशातल्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

या चित्रांत काय होतं माहीत आहे? राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. भाताची लावणी, पाण्यात पसरलेलं मासे धरायचं जाळं, तारप्याच्या सुरावर गोल फिरणारी माणसं! म्हणजे रोज डोळ्यांसमोर घडणारं साधं आयुष्यच. आपण ज्याला "काही नाही" म्हणतो ना, तेच!

चित्रं काढल्यानं जिव्याची आई परत आली का? नाही. तशी कुणाचीच येत नाही. पण आतलं दुःख आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक वाट तयार झाली. ओठ मिटले होते तरी ती वाट उघडी राहिली. म्हणून लक्षात ठेवा, सांगण्यासाठी तोंडच लागतं असं नाही. चित्र, गाणं, नाच, मातीचा बैल, कशानंही सांगता येतं.

अंगणात आलेली शाळा

पण सांगणाऱ्याला ऐकणारं कुणीतरी हवं. आणि काही वेळा त्यासाठी ऐकणाऱ्यालाच चालत जावं लागतं! तीही गोष्ट याच डहाणू तालुक्यातली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुमच्या आजीला विचारा, तिला नक्की माहीत असतील. ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं.

अडचण अशी होती, की गरिबांची मुलं शाळेत येतच नसत. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कुणी गुरांमागे जाई. या दोघींनी मग सोपा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच मुलाकडे नेऊ! घरांसमोरच्या अंगणात त्यांनी बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणात गेल्या आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरं चरताहेत आणि झाडाखाली शाळा चालली आहे, कशी छान कल्पना! महागडी खेळणी कुठून आणणार? शंखशिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हेच शिकण्याचं सामान.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून लहान मुलांच्या आहारासाठी आणि आरोग्यासाठी सरकारची मोठी योजना सुरू झाली. तिच्यातल्या केंद्रांचं नाव काय, ठाऊक आहे? अंगणवाडी!

आता यात सुखाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. अहो, फार मोठा संबंध आहे! खिशातली चिंचोके मोजायला घेतले, की जे मूल एरवी गप्प बसतं तेच सांगू लागतं, "हे मी कालच्या झाडाखालचे आणलेत!" आपल्या रोजच्या जगण्यातली वस्तू बाईंना मोलाची वाटते, म्हणजे आपलं जगणंही मोलाचं आहे, हे त्याला न सांगता कळतं. गोळ्या-औषधांइतकीच याचीही गरज असते.

भाषेचंही तसंच. डहाणू-तलासरीच्या अनेक घरांत वारली बोली बोलतात आणि शाळेत पुस्तकातली मराठी असते. पहिलीतलं पोर घरचा शब्द बोलून जातं आणि वर्ग फिदीफिदी हसतो. त्या दिवशी त्या मुलाचा एक शब्द चुकलेला नसतो, पण त्याचे पुढचे शंभर शब्द घशात अडकून राहतात. म्हणून दोस्तांनो, कुणाच्या बोलीला हसू नका. उलट विचारा, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" बघा, गप्प मुलगा कसा बोलका होतो!

जमीन हलते तेव्हा

साधे दिवस असतात तसे भीतीचेही येतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास तर ते पुन्हा पुन्हा बसत. बहुतेक धक्के लहान होते, पण १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले. ऐन थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपू लागले.

विचार करा, रात्री अंथरुणाखालची जमीन गुरगुरली तर लहान मुलाला काय वाटत असेल? अशा वेळी "घाबरू नकोस, गप्प झोप" म्हटलं तर भीती जात नाही, ती पांघरुणात शिरते. पण "मलाही भीती वाटली रे. ये, इथं बस" असं कुणी म्हटलं, की ती दोघांत वाटली जाते. बोलण्यानं जमीन हलायची थांबत नाही, पण आपण एकटे उरत नाही.

आणि बोलण्यातून माहितीही मिळते बरं का! जमिनीच्या पोटातल्या खडकांत साठलेला ताण मोकळा होतो, म्हणून धक्का बसतो. धक्का बसला की घरात असाल तर मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. मोकळ्यावर असाल तर भिंती आणि विजेच्या खांबांपासून दूर राहा. काय करायचं हे कळलं, की निम्मी भीती पळते. कुजबुज आणि अफवा मात्र तीच भीती दुप्पट करतात.

वहीला सांगितलं तरी चालतं

"पण मला कुणाला सांगायची लाज वाटते," असंही तुमच्यातल्या कुणाला वाटेल. ठीक आहे. मग वहीला सांगा!

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं महाविद्यालयातल्या मुलांवर एक प्रयोग केला. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. काहींना अगदी वरवरच्या विषयांवर लिहायला दिलं. मनातलं लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर जरा उदासच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, घडलेलं आणि त्याबद्दल जे वाटलं ते दोन्ही लिहिणाऱ्या मुलांना दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं! रडून झाल्यावर डोळे कसे चुरचुरतात, पण छाती हलकी होते, तसंच हे.

आईबाबांसाठी चार शब्द

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. वर्गात रोज अनुभव येतो, की "काय झालं?" या प्रश्नाला मुलं उत्तर देत नाहीत. तो प्रश्न फार मोठा असतो. "काल वडिलांबरोबर खाडीवर गेला होतास ना? जाळ्यात काय काय सापडलं?" असं विचारलं, की तेच मूल श्वास न घेता बोलतं. प्रश्न लहान असावा, म्हणजे उत्तर मोठं मिळतं.

दुसरं म्हणजे, मूल बोलत असताना लगेच उपदेश नको. "तरी मी सांगत होते!" हे वाक्य म्हणजे दाराला घातलेली कडी. ते एकदा ऐकलं, की पुढच्या वेळी मूल दारापर्यंत येतच नाही. तेव्हा हातातला मोबाईल पाच मिनिटं बाजूला ठेवा. भाकरी थापता थापता, शेंगा सोलता सोलताही ऐकता येतं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त कान मोकळे हवेत.

आणि मुलांनो, एक महत्त्वाचं

काही गोष्टी अशा असतात, की त्या कुणालाच सांगू नकोस अशी ताकीद मिळते. कुणी मारतं, धमकावतं, नको तिथं हात लावतं, कामाला जुंपतं. असं गुपित सांभाळायचं नसतं! आई, बाबा, आजी, शाळेतल्या बाई, जे विश्वासाचं वाटेल त्या मोठ्या माणसाला सांगा. एकानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि कुणीच नसलं, तर १०९८ हा क्रमांक फिरवा. मुलांना मदत करण्यासाठीच तो आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आता या आठवड्याचा उद्योग. रोज झोपण्यापूर्वी दिवसभरातली एकच गोष्ट घरात सांगायची: एक पाहिलेली, ऐकलेली किंवा टोचलेली. सांगता येत नसेल तर तिचं चित्र काढायचं. दोन त्रिकोण आणि एक गोल तर सगळ्यांनाच जमतो! आणि तुमची गोष्ट सांगून झाली, की आजीला, आईला, धाकट्या भावाला विचारायला विसरू नका, "आता तुझी सांग."

वर्गातही एक काम करा. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटाच बसणारा एखादा मुलगा, एकटीच बसणारी एखादी मुलगी असतेच. उद्या त्यांच्याजवळ जाऊन बसा. लगेच बोलले नाहीत तरी उठून जाऊ नका. कदाचित त्यांचं बोट धुळीत काहीतरी काढत असेल. ते नीट बघा.