कुलूप काढायचे कोणी आणि सांभाळायचे कोणी?

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम थेट प्रोसेसरवर धावत नाही. त्याचे आधी बाइटकोड होते आणि सीपायथन नावाचे व्हर्च्युअल मशीन त्यातली एकेक सूचना वाचून अमलात आणते. गिडो व्हान रोसम यांनी ते १९९१ मध्ये खुले केले. २०१८ मध्ये ते अंतिम निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले, आणि २०१९ पासून कोर डेव्हलपरांनी निवडून दिलेली पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल कारभार पाहते. ही कौन्सिल कामाचा अग्रक्रम कसा ठरवते, हे समजून घ्यायला मशीनमधला एकच भाग पुरतो : ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, म्हणजेच जीआयएल.

सीपायथन प्रत्येक वस्तूसोबत एक आकडा ठेवते : ही वस्तू किती ठिकाणी वापरात आहे. आकडा शून्यावर आला की मेमरी मोकळी होते. आता दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या दोन कामांनी, एकाच क्षणी २ हा आकडा वाचला आणि दोघांनीही एक मिळवून ३ लिहिला, तर खरा आकडा ४ असूनही नोंद ३ ची राहते. पुढे कोणीतरी वस्तू वापरत असतानाच तिची मेमरी सुटते आणि प्रोग्राम कोसळतो. हे टाळायला एका वेळी एकाच थ्रेडला बाइटकोड चालवू देणारे कुलूप घातले गेले; हेच जीआयएल. दुसरा थ्रेड थांबला असेल, तर साधारण ५ मिलिसेकंदांनी पहिल्याला ते सोडायला सांगितले जाते. उपाय साधा आणि भक्कम. पण सोळा कोअरच्या यंत्रावरही शुद्ध पायथनचे थ्रेड एकाआड एकच धावतात.

मग तीस वर्षे हे कुलूप का राहिले? कोणाला सुचले नाही म्हणून नव्हे. १९९० च्या दशकातच ग्रेग स्टाइन यांनी ते काढून दाखवले, पण एका थ्रेडवरचे प्रोग्राम जवळजवळ निम्म्या वेगावर आले. २००७ मध्ये व्हान रोसम यांनी अट स्पष्ट केली : एका थ्रेडचा वेग घटत नसेल तरच बदल स्वीकारू. या अटीला अनेकांनी हटवाद म्हटले. मला ती न्याय्य वाटते, कारण बहुसंख्य प्रोग्राम एकाच थ्रेडचे होते आणि मोजक्यांच्या सोयीची किंमत त्या सर्वांना मोजावी लागली असती. कोंडी फोडली सॅम ग्रॉस यांनी. वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केली त्याचा हिशेब वेगळा आणि इतरांचा वेगळा ठेवला, तर मालक थ्रेडला दर वेळी महागड्या क्रिया कराव्या लागत नाहीत. २०२३ मध्ये कौन्सिलने हा प्रस्ताव टप्प्याटप्प्याने आणि माघारीची वाट मोकळी ठेवून स्वीकारला. पायथनच्या ३.१३ आवृत्तीत तो प्रायोगिक होता. २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला, तरी मुख्य आवृत्तीत जीआयएल कायम आहे.

यावर गंभीर आक्षेप असा की, हा अग्रक्रम पैशाने ठरला. ग्रॉस मेटाचे अभियंते, आणि प्रस्ताव मंजूर झाल्यास तीन अभियंता-वर्षांचे काम देण्याचे वचन मेटाने दिले होते. यात तथ्य आहे, पण कौन्सिल कोणालाही कामाला जुंपू शकत नाही. ज्या कामाला माणूस नाही, ते यादीत पहिले असले तरी होत नाही. म्हणून प्रश्न पैसा कुठून आला एवढाच नाही, तो आटल्यावर काय, हाही आहे. सीपायथन वेगवान करणारा गट मायक्रोसॉफ्टच्या पगारावर होता, ३.११ सरासरी सव्वापट वेगवान झाली ती मुख्यतः त्यांच्या कष्टाने. मे २०२५ च्या नोकरकपातीत त्याच गटातल्या कोर डेव्हलपरांच्या नोकऱ्या गेल्या. कोड मागे राहिला; तो आतून ओळखणारी पगारी माणसे कमी झाली. दुसरीकडे, सी भाषेत लिहिलेली असंख्य एक्स्टेन्शन्स जीआयएल आहे असे गृहीत धरून चालतात. ती एकेक तपासावी लागतील, आणि तोवर लायब्ररी सांभाळणाऱ्यांना, ज्यांतले कित्येक बिनपगारी आहेत, जीआयएल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही आवृत्त्यांसाठी फाइली तयार कराव्या लागतील. पायथन २ वरून ३ कडे जाताना २००८ ते २०२० अशी बारा वर्षे गेली. तशी दुफळी पुन्हा होण्याची भीती अनाठायी नाही. ज्या कंपन्यांचा धंदा पायथनवर चालतो, त्यांनी नव्या वैशिष्ट्यांच्या मागण्या करण्याआधी निदान आपण वापरत असलेली एक्स्टेन्शन्स जीआयएलविना चालवून पाहावीत आणि सापडलेले दोष दुरुस्तीसह परत द्यावेत.