'त्यू म मांक': इंग्रजीला वळसा घालून

वर्ध्यात फ्रेंच शिकता येतं हे सांगितलं की पटकन कुणाचा विश्वास बसत नाही. पण 1997 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीसोबत फ्रेंचही शिकवतात. तरी आर्वी-हिंगणघाटकडची विज्ञानाची मुलं भेटली की म्हणतात, "आधी इंग्रजी पक्कं करतो, मग फ्रेंच बघू." मला हा क्रमच पटत नाही. का, ते एका रोजच्या वाक्प्रयोगावरून सांगतो.

'मला तुझी आठवण येते' याला फ्रेंचमध्ये म्हणतात 'त्यू म मांक'. त्यू म्हणजे तू, म म्हणजे मला, आणि मांक हे 'मांके' या क्रियापदाचं रूप. मांके म्हणजे कमी असणं, उणीव असणं. थोडक्यात, 'तू मला उणा आहेस'. आता 'आय मिस यू'वरून गेलात तर कर्ता 'मी' होतो आणि तयार होतं 'ज त मांक'. व्याकरणात काही चूक नाही, म्हणून कुणी टोकतही नाही. अर्थ मात्र उलटा: 'तुला माझी आठवण येते'. दूर गेलेल्या मैत्रिणीला हे पाठवलंत, तर तिच्याच मनातलं तुम्ही तिला सांगताय!

याउलट 'तू मला आवडतोस' हे वाक्य बघा. भावना ज्याची, तो 'मला'. क्रियापद चालतं 'तू'च्या मागे, म्हणूनच शेवटी तो 'स'. 'तुम्ही' आलं की 'आवडता' होतं. तिकडेही 'वू म मांके' होतं. नावं घातली तर 'मारी मांक आ पियेर', म्हणजे पियेरला मारीची आठवण येते. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'च समजा.

भाषावैज्ञानिकांना ही रचना चांगलीच परिचयाची आहे. बेल्लेत्ती आणि रिझ्झी यांनी 1988 मध्ये इटालियनमधल्या मनोव्यापाराच्या क्रियापदांचे तीन गट पाडले. तिसऱ्या गटातल्या 'पियाचेरे'सोबत, म्हणजे आवडण्यासोबत, अनुभव घेणारा असाच 'ला' लावून येतो. मराठीत तर आवडणं, आठवणं, सुचणं, पटणं, सगळी याच घराण्यातली.

पण मराठीचं बोट धरून सगळीकडे जाता येत नाही. सेवाग्राम स्टेशनवर 'माझी गाडी चुकली' म्हणताना आपण गाडीलाच कर्ता करून मोकळे होतो. फ्रेंच माणूस याच मांकेने म्हणतो 'जे मांके ल त्रँ', मी गाडी चुकवली. इथे 'आ' नाही, 'मला' नाही. इथे इंग्रजीच कामी येते.